मागून उघडणारं कपाट

आमच्या घरातलं लोखंडी कपाट मागून उघडतं, आणि त्याला कारण माझी पदवी आहे.

पाहुणे आले की गोंधळतात. कपाटाचं तोंड भिंतीकडे आणि पाठ आपल्याकडे. रुसलेल्या जावयासारखं ते उभं असतं. पाठीवर एक फुलाफुलांचा पडदा. पडदा सारला की आत साड्या, शर्ट, फाइली. "असं का हो?" कुणी विचारलंच तर आई माझ्याकडे बोट दाखवते आणि म्हणते, "हा इंजिनिअर आहे." बस, एवढंच. पाहुण्यांना वाटतं, नव्या पद्धतीचं असेल!

तर आधी त्या पदवीचं सांगतो. वसईजवळ, राजोडीच्या अलीकडे आमची केळी-मोगऱ्याची वाडी. आमच्या सगळ्या खानदानात कॉलेजात शिकलेला पहिला माणूस मी. (तसे माझे एक काका माझ्याआधी कॉलेजात जायचे. पण ते गॅदरिंगचे हार पोचवायला.) निकाल लागला तेव्हा अप्पांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, पेढे वाटले नाहीत. केळ्यांचे घड वाटले! दुसऱ्या दिवशी अर्ध्या गावाचं पोट बिघडलं, पण पदवी सगळ्यांच्या लक्षात राहिली.

नोकरी मिळाली ती वसई पूर्वेच्या एका औद्योगिक गाळ्यात. गोष्ट दोन हजार तीन-चारच्या सुमाराची. कारखान्यांना नवी वस्तू बाजारात आणण्याआधी तिचा एक नमुना हवा असतो. मिक्सरचं भांडं, फोनचं कव्हर, गाडीचा आरसा, काहीही. पूर्वी कारागीर महिनाभर लाकूड तासत बसायचा. आमच्याकडे मशीन होतं! मधासारख्या दिसणाऱ्या रेझिनची टाकी, आणि वरून लेझरचा किरण. किरण फिरेल तिथे रेझिन घट्ट होतं, कागदाएवढा पातळ थर. त्यावर दुसरा थर, त्यावर तिसरा. आई धिरड्यावर धिरडं रचते तसं. शेवटी टाकीतून अख्खी वस्तू वर येते, समुद्रमंथनातून रत्न यावं तशी.

अप्पांना हे सगळं मी तीनदा समजावलं. त्यानंतर त्यांनी ते गावाला समजावलं.

"पोरगा काय करतो सध्या?"

"लेझरने खोटे मिक्सर बनवतो."

"खोटे? आणि घेतं कोण?"

"मोठमोठ्या कंपन्या घेतात!"

ह्यानंतर गावातली दोन-तीन माणसं मला बघून पाकीट आतल्या खिशात ठेवायला लागली.

आमच्या धंद्यातला पहिला नियम एकच : नमुना बघायचा असतो, वापरायचा नसतो. प्रत्येक गिऱ्हाइकाला मी हात जोडून सांगायचो, "साहेब, हा दिसायला खऱ्यासारखा आहे, ताकदीला नाही. पिळू नका, दाबू नका." हे वाक्य मी दिवसातून दहा वेळा बोलायचो. घरी मात्र एकदाही बोललो नाही.

आता कपाट. मुंबईतलं कुठलंसं ऑफिस बंद पडलं तेव्हा अप्पांनी ते टेम्पोत घालून आणलं होतं. जाड पत्रा, भक्कम कुलूप. त्यात काय असायचं? दागिने? छे! आईचे दागिने तांदळाच्या डब्यात. कपाटात असायची आम्हा दोघा भावंडांची प्रमाणपत्रं. अप्पा म्हणायचे, "सोनं गेलं तर पुन्हा घेता येतं. शिक्का मारलेला कागद कुठून आणणार?" स्वतः अप्पा चौथीपर्यंत शिकलेले, त्यामुळे कागदाची किंमत त्यांना आमच्यापेक्षा जास्त कळायची. कपाटाला किल्ली एकच, आणि ती चोवीस तास अप्पांच्या करगोट्याला. आंघोळीलासुद्धा.

"एक डुप्लिकेट करून आणा की," आई म्हणायची. "तुमच्या कमरेची किल्ली विहिरीत पडली म्हणजे बसलो आपण!"

"आणि चावीवाल्याने स्वतःसाठी एक जास्तीची करून ठेवली तर?"

"काय नेणार आहे तो? लाइटचं बिल?"

"पोराची डिग्री नेईल!"

इथे मी तोंड उघडलं. उघडायला नको होतं. "चावीवाला कशाला, अप्पा? मी करतो. माझ्या मशीनवर!"

माझी धाकटी बहीण वंदू अभ्यास करता करता म्हणाली, "दादा, स्टेशनबाहेर पाच मिनिटांत मिळते."

"पाच मिनिटांत मिळते ती घासलेली किल्ली. माझी मिलिमीटरच्या दहाव्या भागापर्यंत अचूक असेल!" (ती तशी होती. एवढं श्रेय मला आजही द्यावंच लागेल.)

पण अप्पा माझ्याही हातात किल्ली देईनात. "मोजायची तर माझ्या कमरेवर मोज." शेवटी मी अप्पांनाच गाळ्यावर घेऊन गेलो. आमचे कुलकर्णी सर म्हणजे ह्या क्षेत्रातलं मोठं प्रस्थ. वीस वर्षं टूलरूममध्ये काढलेली, राहायला वसईच्याच एव्हरशाईन सिटीत, शर्टाच्या खिशात कायम भिंग. अप्पा स्टुलावर बसले, शर्ट वर केला, आणि कुलकर्णी सर गुडघ्यावर बसून, व्हर्नियर घेऊन, त्यांच्या बेंबीशेजारी किल्लीची मापं घेऊ लागले. नेमकं तेव्हाच पुण्याचं एक गिऱ्हाईक आत आलं. त्याने ते दृश्य बघितलं, "नंतर येतो" म्हणाला, आणि नंतर आला नाही.

आता, आमच्या धंद्यात एक रीत असते, ती कुठल्याच कॉलेजात शिकवत नाहीत. मशीनवर कंपनीचं काम चालू असताना कोपऱ्यात बोटभर जागा उरली, तर तिथे घरचं काहीतरी सरकवायचं. चुलीवर भात शिजत असताना निखाऱ्यात एक रताळं सरकवतात ना, तसं. कुलकर्णी सरांनी असाच घरच्या टीव्हीचा गोल खटका करून घेतला होता. मशीन चालवणारा आमचा शेट्ये, कणकवलीचा, अतिशय हुशार, त्याने तर कॅरमची अख्खी सोंगटी केली होती.

"मिक्सरच्या भांड्याशेजारी जागा आहे," शेट्ये म्हणाला, "पण किल्ली आडवी मावत नाय. उभी लावू?"

"लाव उभी," मी म्हणालो.

हे दोन शब्द लक्षात ठेवा.

किल्ली झाली. काय सांगू! सोनेरी, पारदर्शक, उन्हात धरली की आतून चमकायची. अप्पांनी ती रुमालात गुंडाळून गावभर मिरवली. शेजारचे पास्कूकाका, ग्रिलं बनवतात, पंप दुरुस्त करतात, त्यांनी ती हातात घेतली, उलटसुलट केली, दाताखाली धरायला गेले.

"अरे अरे, काका, चावू नका!"

"लोखंड नाय ह्यात?"

"कणभर नाही!"

"मग कुलूप कसं ऐकेल रे तिचं?" असं म्हणून त्यांनी ती परत दिली. मला हसू आलं. अडाणी माणूस, म्हटलं मनात.

कपाटाच्या कुलपात ती घालून बघायची मात्र कुणालाच घाई नव्हती. इतकी सुंदर वस्तू वापरायची कशी? ती देव्हाऱ्यात ठेवली गेली. आई तिलाही हळद-कुंकू वाहायची.

मग वंदूचा बारावीचा निकाल लागला. फार्मसीच्या प्रवेशाच्या यादीत तिचं नाव आलं. पत्रात लिहिलं होतं : अमुक तारखेला दुपारी एकपर्यंत मूळ प्रमाणपत्रांसह स्वतः हजर राहावे, अन्यथा जागा पुढच्या उमेदवारास देण्यात येईल. कॉलेज अंधेरीच्या पलीकडे. म्हणजे घरातून उशिरात उशिरा साडेदहाला निघायलाच हवं. मी सोडून कुणी कॉलेज पाहिलेलं नाही अशा घरातली मुलगी फार्मसीला निघाली होती! त्या दिवशी आईने पहाटेच मोगऱ्याचा गजरा केला. वंदू आठलाच नवा ड्रेस घालून, पर्स मांडीवर घेऊन तयार.

साडेआठ वाजता अप्पांनी करगोट्याची गाठ सोडली आणि लोखंडी किल्ली कुलपाशी नेली.

"थांबा, अप्पा!"

हो, मीच ओरडलो. दुसरं कोण?

"आज वंदूचा एवढा मोठा दिवस. आज माझी किल्ली लावू."

"दादा, नको," वंदू म्हणाली.

"अगं, बघ तर!"

देव्हाऱ्यातून किल्ली आणली. हळद-कुंकू पुसलं. कुलपात घातली. अशी गेली, अशी गेली, लोण्यात सुरी! मी मागे वळून सगळ्यांकडे बघितलं. आईने हात जोडले. अप्पांच्या डोळ्यांत पाणी. मी किल्ली फिरवली.

टक्!

माझ्या हातात किल्लीची गोल मूठ आली. बाकीची किल्ली कुलपातच राहिली.

मग अप्पांनी, शांतपणे, आपली लोखंडी किल्ली कुलपात घालून बघितली. ती अर्ध्या नखाएवढी आत गेली आणि थांबली. आत माझं संशोधन बसलेलं होतं.

"आता?" वंदूने विचारलं.

"काही नाही. दोन मिनिटांचं काम," मी म्हणालो आणि आईच्या केसांतली पिन मागितली. दोन मिनिटांनी तुकडा आणखी आत गेला होता आणि पिनही त्याच्यासोबत राहायला गेली होती.

मग मी ते केलं जे कुठलाही शिकलेला माणूस करतो. तज्ज्ञांना फोन केला!

सव्वानऊला कुलकर्णी सर आणि शेट्ये, शेट्येच्या मोटरसायकलवरून, हजर. आईने लगेच चहा टाकला. वंदू उठून उभी राहिली. माझ्या जिवात जीव आला. ह्या दोघांच्या अनुभवाची बेरीज माझ्या वयापेक्षा जास्त होती.

कुलकर्णी सरांनी कपाटाकडे बघितलंच नाही. "तुटलेला भाग कुठाय?" मी मूठ दिली. त्यांनी खिशातून भिंग काढलं. बघत राहिले. चेहऱ्यावर हळूहळू आनंद पसरला.

"शेट्ये! अरे, हे बघ! काय स्वच्छ तुटलंय!"

"बघू, बघू... आयला, सर! बरोब्बर दोन थरांच्या मधून!"

"पुस्तकात असं चित्र मिळत नाही रे. आरशासारखा तुकडा!"

"सर," वंदू म्हणाली, "माझी ॲडमिशन..."

"हो हो, बाळ, एकच मिनिट. कागद आहे का गं?"

तिच्याकडे पर्समध्ये अर्जाची झेरॉक्स होती. सरांनी झेरॉक्सच्या मागच्या बाजूला आकृती काढली. "किल्ली आडवी बनवली असती तर थर लांबीला धावले असते. उभी बनवली. म्हणजे काय झाली ती? नाण्यांची चळत! चळत पिळली की घसरणारच. उभी लावली कुणी?"

शेट्येने माझ्याकडे बघितलं. मी चहाच्या कपात बघितलं.

"पण सर, उभी लावली म्हणून पृष्ठभाग किती गुळगुळीत आला!" शेट्ये म्हणाला.

"ते मात्र खरं. फिनिशिंगला तोड नाही."

घड्याळात पावणेदहा. आई स्वयंपाकघरातून म्हणाली, "साहेब, ते कपाटाचं पण बघा हां जरा."

मग उपायांवर चर्चा सुरू झाली. कुलकर्णी सर म्हणाले, तुकडा पकडायला आतून फुलणारा एक बारीक चिमटा डिझाइन करता येईल. फार तर चौदा तासांत मशीनवरून निघेल. "आडवा बनवू," असं त्यांनी वंदूला आश्वासनही दिलं.

शेट्येने जास्त वेगाचा उपाय काढला. "खिळा तापवा. लाल झाला की तुकड्यात खुपसायचा, थंड होऊ द्यायचा, ओढायचा. तुकडा चिकटून बाहेर!"

हे मला पटलं. आईने गॅसवर खिळा धरला, शेट्येने पकडीने कुलपात खुपसला. चर्र! घरभर असा वास सुटला की मांजर उडी मारून वाडीत पळालं. कुलपाच्या भोकातून निळसर धूर यायला लागला.

"डिग्री जळते माझी!" अप्पा ओरडले. (डिग्री माझी होती. पण अप्पा तिला कायम 'माझी'च म्हणायचे.)

"नाही जळत, काका," शेट्ये म्हणाला आणि ओढलं. खिळा आला. नुसता खिळा. चकचकीत.

कुलकर्णी सर विचारात पडले. "शेट्ये, तू आधीच्या कंपनीत प्लास्टिकच्या तारेच्या मशीनवर होतास ना? ती तार वितळते. आपलं रेझिन एकदा घट्ट झालं की वितळत नाही. नुसतं करपतं."

"मग हे आधी सांगायचं ना, सर!"

"तू विचारलं नाहीस. मलाही बघायचं होतं काय होतं ते."

दहा वाजून पाच मिनिटं झाली होती. वंदू जाऊन उंबरठ्यावर बसली. पर्स मांडीवर, गजरा तसाच. ती रडत नव्हती, आणि तेच मला जास्त लागलं. ती हळूच म्हणाली, "अप्पा, राहू द्या. पुढच्या वर्षी बघू."

खरं सांगतो, त्या वेळी मला जमीन पोटात घेईल तर बरं असं वाटलं. घरातला पहिला पदवीधर मी, आणि दुसरीचा रस्ता मीच बुजवून बसलो होतो. तेही मिलिमीटरच्या दहाव्या भागापर्यंत अचूक!

तेवढ्यात दारात पास्कूकाका. "काय जळतंय रे? अख्ख्या वाडीत वास मारतोय."

सगळ्यांनी एकदम सांगायला सुरुवात केली. कुलकर्णी सरांनी आकृती पुढे केली. काकांनी ती नीट बघितली, परत दिली, मग कपाटाकडे बघितलं. एका बाजूने बघितलं. दुसऱ्या बाजूने बघितलं. बोटाने टकटक केलं.

"मागचा पत्रा केवढा जाड आहे?"

आम्ही तीन तज्ज्ञ तासभर किल्लीकडे बघत होतो. कपाटाला मागची बाजू असते, हे आमच्या कुणाच्या अभ्यासक्रमात नव्हतं!

"फाडावा लागेल," काका अप्पांना म्हणाले. "कपाट जाईल तुझं. बोल."

अप्पांनी कपाटावरून हात फिरवला. दर दिवाळीला ते त्याला स्वतः पुसायचे. मग त्यांनी उंबरठ्याकडे बघितलं.

"पास्कू," अप्पा म्हणाले, "फाड!"

कपाट ओढायला आम्ही सगळे लागलो. कुलकर्णी सर गुरुत्वमध्य कुठे असेल ते सांगत होते. पास्कूकाका नुसते "जोर लावा" म्हणत होते. कपाट हललं ते काकांचं ऐकून. मागे एक फणी, तीन पाली आणि माझी दहावीची हरवलेली कंपासपेटी सापडली. काकांनी छन्नी लावली, हातोडा मारला, आणि पापडासारखा पत्रा सोलत गेले. दहा मिनिटं! हाताला गोणपाट गुंडाळून त्यांनी आत हात घातला आणि एक प्लास्टिकची पिशवी बाहेर काढली. आत निळा शिक्का, सोनेरी कडा.

"हीच का?"

ती माझी पदवी होती.

"ती नको!" सगळे एकदम ओरडले. आईसुद्धा! त्या घरात माझ्या पदवीला कुणी नको म्हणायची ती पहिलीच वेळ.

दुसऱ्या खेपेला वंदूची फाइल आली. शेट्येने मोटरसायकलला किक मारली, वंदू मागे बसली, आणि दोघं धुरळा उडवत स्टेशनकडे गेले. दहा वाजून बत्तीस मिनिटं. अप्पा रस्त्यावर उभे राहून ती वळण घेईपर्यंत बघत होते. आत कुलकर्णी सर कमरेपर्यंत कपाटात शिरले होते, कुलपाच्या मागचे स्क्रू काढत होते. "मिळाला! मिळाला तुकडा!" असा आतून आवाज आला. तो तुकडा ते रुमालात गुंडाळून घेऊन गेले, आणि नंतर कितीतरी वर्षं आमच्याकडे लागलेल्या प्रत्येक नव्या मुलाला पहिल्या दिवशी तो दाखवला जायचा. खाली चिठ्ठी : 'असे करू नये.' आणि माझं नाव.

वंदू एकला दहा कमी असताना खिडकीशी पोचली. कारकुनाने प्रमाणपत्र हातात घेऊन वास घेतला म्हणे. "हे जळकं का येतंय?" तिने सांगितलं, "घरी भाऊ इंजिनिअर आहे." त्याने समजूतदारपणे मान हलवली आणि शिक्का मारला.

पुढे पास्कूकाका म्हणाले, मागचा पत्रा वेल्ड करून देतो, पुढचं कुलूप नवीन बसवतो. अप्पांनी नाही म्हटलं आणि कपाटाचं तोंड भिंतीकडे फिरवून घेतलं. "असू दे. चोर आला तर कपाट फिरवून पुढच्या कुलपाशी खटपट करत बसेल. हे तिघं बसले होते तसा."

वंदूची फार्मसी पूर्ण झाली. काही वर्षांनी तिने एव्हरशाईन सिटीत औषधांचं दुकान टाकलं. उद्घाटनाला सगळा गाव, पास्कूकाका पहिल्या रांगेत, कुलकर्णी सर दुसऱ्या. फीत कापल्यावर लोकांनी आग्रह केला, दोन शब्द बोल. वंदू माइकसमोर उभी राहिली. आई-अप्पांचे आभार मानले. मग माझ्याकडे बघितलं, आणि तिचा आवाज थोडा भरून आला. मी शर्ट नीट केला. रुमाल काढून हातात तयार ठेवला.

"माझ्या दादाने," ती म्हणाली, "माझ्या शिक्षणासाठी त्याचं सगळं ज्ञान पणाला लावलं. तरीसुद्धा मी शिकले!"

पहिली टाळी अप्पांची. दुसरी माझी. आता खरं ते नाकारायला मी काय अडाणी आहे? पदवीधर आहे मी!